खळ्यावरून गेलेली वाट

माझ्या मित्राने एका म्हातारीला फसवलं, आणि ती गेली तेव्हा तिच्या लेखी फसवणारा मी होतो.

भांडुपला माझं सायकलींचं दुकान आहे. बापाने काही ठेवलं नव्हतं. सोसायट्यांच्या जिन्याखाली गंजत पडलेल्या सायकली मी उचलायचो, कधी घासाघीस करून, कधी नुसता जिना साफ करून देण्याच्या बोलीवर. दोन मोडक्यांची एक चालती करायची आणि विकायची. आज दुकानात ग्रॅव्हल बाईक टांगलेल्या असतात. दिसायला ही सायकल रेसच्या सायकलसारखीच, हँडल तसंच खाली वळलेलं, पण टायर जाड असतात, त्यामुळे ती खडीवर, मातीवर, शेताच्या बांधावरही चालते. गिऱ्हाईक ती हातात घेतं आणि पहिला प्रश्न विचारतं, मुंबईत ही चालवायची कुठे? म्हणजे सायकल विकायची तर तिच्याबरोबर वाटही द्यावी लागते. म्हणून मी वाटा शोधायला लागलो. पुढे पुढे गिऱ्हाईक नसलं तरी रविवारी एकटाच निघायचो.

मित्र हाही आधी गिऱ्हाईकच. अंधेरीत त्याचं ऑफिस. पहिल्या दिवशी भावावरून आम्ही इतके भांडलो की शेजारचा इस्त्रीवाला इस्त्री हातात तशीच धरून बघायला आला. "तू दुकानदार आहेस की दरोडेखोर?" असं त्याने विचारलं, आणि मी त्याला बाहेरचा रस्ता दाखवला. तो बाहेर गेला, चहा पिऊन परत आला, माझ्यासाठीही घेऊन आला. अशा माणसाशी मैत्री होते. माझी झाली. नंतर बरीच वर्षं माझ्या प्रत्येक नव्या वाटेवर दुसरी सायकल त्याची असायची.

ज्या वाटेवरून हे सगळं झालं तिची सुरुवात बोरिवलीला मंडपेश्वरच्या लेण्यांपाशी व्हायची. खाली खांबांमध्ये गारवा आणि लेण्यांच्या डोक्यावर पोर्तुगीजांच्या वेळच्या पडक्या भिंती. तिथून गोराईच्या जेट्टीवर जायचं आणि सायकली होडीत टाकून खाडी ओलांडायची. पलीकडे उतरलं की लोक डांबरी रस्त्याने समुद्राकडे जातात. आम्ही तिवरांच्या कडेने जुन्या मिठागरांच्या बांधावर चढायचो. बांध संपला की भातखाचरं आणि ताडाची झाडं. त्यानंतर कौलारू घरांचं एक गाव, जिथे वळणावळणाला दगडी क्रूस उभे आहेत. गावामागे दगडमातीचा चढ, चढावर एका जुन्या चर्चची छप्पर नसलेली भिंत, आणि सगळ्यात वर किल्ल्याचे अवशेष. तिथे बसलं की खाली समुद्र आणि लांबवर वसईची बाजू दिसते. मुंबईचा आवाज तिथे येत नाही.

अडचण एकच होती. खाचरं आणि चढ यांच्या मधोमध एक खळं होतं. भात झोडण्यासाठी शेणाने सारवलेलं, एका कडेला विहीर आणि दुसऱ्या कडेला चुना दिलेला पांढरा क्रूस. ते टाळायचं तर मागे फिरून डांबरी रस्त्याने, गाड्यांच्या धुरातून मोठा वळसा घ्यावा लागायचा. सगळी वाट त्या खळ्यापाशी येऊन अडत होती, आणि खळं म्हातारीचं होतं.

पहिल्यांदा आम्ही दोघंच गेलो. म्हातारी विहिरीपाशी मासे साफ करत बसली होती. चौकटीचं लुगडं गुडघ्यापर्यंत नेसलेलं, गळ्यात काळ्या दोऱ्यात छोटा क्रूस. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी मरोळच्या गावठाणात दिलेली. हे सगळं पुढे कळलं. त्या दिवशी तिने फक्त विचारलं, "कुठे?"

"किल्ल्यावर, मावशी."

"किल्ल्याला रस्ता हाय की तिकडून. डांबरी."

"त्यावर गाड्या फार असतात."

"म्हणून माझ्या खळ्यावर गाडी घालतोस?"

मित्र हसला. मी सायकल ताडाला टेकवली आणि तिच्यासमोर उकिडवा बसलो. समोरचा माणूस टोमणा मारतो म्हणजे त्याला बोलायचं असतं, हे मी धंद्यात शिकलोय.

"फुकटात नको, मावशी. दर खेपेला तुम्हाला काहीतरी देत जाऊ."

"पैसे?"

"हो."

तिने सुरी पाण्यात बुडवली. "पैसे घेतले तं तो रस्ता होतो. आज तू देशील. उद्या दुसरा जास्त देईल. परवा तिसरा बोलेल, मी पैसे भरलेत, तू कोण अडवणारी? मंग खळा माझा नाय राहत. पैसे नको."

"मग काय हवं?"

"काय नको. फुकट जा. पण फुकट जाणाऱ्याने माझं ऐकायचं."

आयुष्यभर भाव करत आलोय, पण फुकट देऊन माणसाला बांधून टाकायचं हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. तिच्या अटी अशा. विहिरीपाशी सायकलवरून उतरायचं. चपला, बूट जे काय असेल ते काढायचं, कारण खळ्यावर अन्न पडतं. सायकल हाताने ढकलत क्रुसाच्या पलीकडे न्यायची. मी बरोबर असेन तरच कोणी यायचं. आणि ही वाट कुणाला सांगायची नाही.

आमच्या बुटांच्या तळाला पेडलमध्ये अडकणारी धातूची पट्टी असते, ती सारवणाला भोकं पाडते. त्यामुळे बूट काढणं मला पटलं. तरी सवयीने मी ताणून पाहिलं. "मोजे चालतील का?"

"मोजे पण चपलाच. मऊ."

"आणि पाऊस असेल तर?"

"पावसात बरंच की. पाय धुतलेले असतात."

माझ्या बापाचं सांगायला हवं. तो मराठवाड्यातून इथे आला. गावाकडे सुगीत तो लोकांच्या शेतात राबायचा, पण खळ्याच्या बाहेर उभा राहायचा. रास उचलून झाली की मातीत राहिलेले दाणे झाडून न्यायचे, ते त्याचे. खळ्यात पाय ठेवायची त्याला मुभा नव्हती, चपला घालून नाही आणि काढूनही नाही. म्हातारीला यातलं काही ठाऊक नव्हतं, मी कधी सांगितलंही नाही. पण तिने मला बूट काढून ये म्हटलं, आणि माझ्या मागे साहेबासारख्या दिसणाऱ्या माझ्या मित्रालाही तेच, त्याच आवाजात म्हटलं. सारवण गार होतं. मी मुद्दाम हळू चाललो.

सौदा ठरला की मी हात पुढे करतो. तिचे हात माशाने भरलेले होते. तिने कोपर पुढे केलं. मी तिच्या कोपराला हात लावला आणि सौदा ठरला.

त्यानंतर मी माणसं नेली, पण निवडून, थोडी थोडी. बांध सुरू व्हायच्या आधी सगळ्यांना थांबवायचो आणि सांगायचो, "फोन बंद, घड्याळ बंद, तोंड बंद." कारण हल्ली प्रत्येकाच्या हँडलवर वाट टिपणारं यंत्र असतं. मित्र म्हणायचा, "काय रे, आपण सोनं आणायला चाललोय का चोरून?" सगळे हसायचे, तोही बंद करायचा.

म्हातारीला आमची करमणूक होती. आमच्या चड्ड्यांना आतून जाड गादी लावलेली असते. ती तिने एकदा पाहिली आणि मला बाजूला बोलावून विचारलं, "तुझी माणसं चड्डीत उशी घालून फिरतात काय रे? घरी झोपायला देत नाय त्यांना?" मोठमोठ्या हुद्द्यांची माणसं तिच्यापुढे बूट हातात धरून, एका पायावर उड्या मारत मोजे काढायची, आणि ती क्रुसाच्या पायरीवर बसून बघायची. नाताळात तिने आम्हाला फुगिया खायला दिल्या, आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, गरम गरम. आगेरा झाला की, म्हणजे नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेण्याचा त्यांचा सण झाला की, ती माझ्यासाठी एक लोंबी बाजूला ठेवायची. ती मी दुकानात गल्ल्याच्या वर अडकवायचो. पुढच्या वर्षी नवी आली की जुनी काढायची.

मग एका दिवाळीच्या आधी मला दुकानातून हलता येईना. मुलांच्या सायकली त्याच दिवसांत खपतात. मित्र आपल्या ऑफिसातली माणसं घेऊन एका सकाळी त्या वाटेने गेला. मला विचारलं नाही, आणि गेल्याचं सांगितलंही नाही. सायकलवरचं यंत्र चालू होतं.

मला कळलं ते एका गिऱ्हाइकाकडून. बाई होती, पवईची, टायर घ्यायला आलेली. म्हणाली, गोराईच्या पलीकडच्या त्या वाटेला कुठला टायर चांगला? मी म्हटलं, कुठली वाट? तिने फोन पुढे केला. नकाशावर केशरी रेघ होती. बांध, खाचरं, आणि मग सरळ खळ्यावरून चढाकडे. एवढंच असतं तर एक वेळ ठीक होतं. पण सायकलवाल्यांच्या त्या ॲपवर वाटेचा कुठलाही तुकडा निवडून त्याची शर्यत लावता येते. जो सगळ्यात वेगाने जाईल त्याच्या नावापुढे मुकुट लागतो, आणि मग प्रत्येक जण तो मुकुट हिसकायला येतो. माझ्या मित्राने लावलेली शर्यत विहिरीपासून सुरू होऊन क्रुसाच्या पलीकडे संपत होती. बरोब्बर जिथे उतरायचं तिथेच.

मी गिऱ्हाइकासमोरच त्याला फोन लावला.

"अरे, मस्त वाट आहे यार, लोकांना कळायला नको?" तो म्हणाला.

"मी शब्द दिला होता."

"तू दिला होतास. आणि मी बूट काढले होते हां, विचार तिला. बाकीच्यांनीही काढले."

"मग शर्यत कशाला लावलीस?"

"गंमत रे. खळ्याच्या दोन टोकांना विहीर न् क्रूस, दिसायला भारी वाटलं. आणि वाट काय कुणाच्या बापाची असते का?"

"असते. ती तिच्या बापाची होती."

 तो म्हणाला, काढून टाकतो. त्याने स्वतःचं काढलंही. पण तोवर दुसऱ्यांनी ती रेघ उतरवून घेतली होती, आणि शर्यतीत इतके जण धावून गेले होते की ती त्याच्याशिवायही चालू राहिली. "आता माझ्या हातात नाही," हे त्याचं त्या फोनवरचं शेवटचं वाक्य. फोन ठेवल्यावर मी काउंटरवर इतक्या जोरात हात मारला की काचेला तडा गेला. पवईची बाई टायर न घेता गेली.

त्या आठवड्यात मी एकटाच तिच्याकडे गेलो. विहिरीपाशी उतरलो, बूट काढले. ती पायरीवर बसली होती. सारवणावर टायरांच्या रेघा होत्या, एकावर एक, आणि मधे भोकं भोकं.

"आता बूट काढून कोणाला दाखवतोस?" ती म्हणाली.

मला वाटलं, ती त्या गर्दीवर चिडली आहे. मी म्हटलं, मावशी, मी दोन्ही टोकांना बांबू घालतो, आडवे. ती म्हणाली, "तू घातलेला बांबू तुझीच माणसं काढतील." तरी मी बांबू आणले, दोरीने बांधले. ती मदतीला आली नाही, अडवायलाही आली नाही. पुढच्या रविवारी बांबू विहिरीत तरंगत होते.

तिने आगेऱ्याची लोंबी त्या वर्षी सणाला दिली होती, तोवर सगळं ठीक होतं. नाताळात मी गेलो तेव्हा मात्र दार लावलेलं होतं आणि आतून भांड्यांचा आवाज येत होता. मी हाक मारली. आवाज थांबला. दार उघडलं नाही.

मी काय करायचं बाकी ठेवलं? ॲपवर तक्रार केली, तिथे माणूस नसतोच, छापील उत्तर येतं. सायकलवाल्यांच्या प्रत्येक ग्रुपवर लिहिलं, इथून जाऊ नका, ही खाजगी जागा आहे. त्यावर कुणीतरी लिहिलं की दुकानदाराला वाट स्वतःच्या गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवायची आहे. त्याला अंगठे पडले. त्या अंगठ्यांत एक माझ्या मित्राचा होता. चुकून दाबला गेला, असं तो म्हणाला.

मे महिन्यात त्यांच्याकडे वर्षाचा मसाला करतात. मिरच्या खळ्यावर वाळत घालतात. त्या दिवसांत म्हातारी काठी घेऊन पायरीवर बसायची, कोंबड्यांसाठी नाही, सायकलींसाठी. त्या सकाळी एक अख्खी टोळी वेगात आली. पुढच्याने ओरडून सांगितलं, "आजी, साइड!" ती मिरच्यांच्या पुढे येऊन उभी राहिली होती, ती मागे सरकली, पायरीला टाच लागली आणि पडली. तिला कुणी धडक दिली नाही. पुढच्यांना वाटलं मागचे थांबतील. मागच्यांना वाटलं पुढचे थांबले असतील. शेजारीण आली तेव्हा मिरच्यांवरून टायरांचे पट्टे गेलेले होते आणि म्हातारी क्रुसाला पाठ लावून बसली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं.

मी हॉस्पिटलात गेलो. मुलगी पाणी आणायला बाहेर गेली होती. म्हातारी पलंगावर फार लहान दिसत होती. मी फळं ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं, आणि अगदी सरळ, जसं बाजारात भाव विचारतात तसं विचारलं,

"किती मिळाले?"

"काय, मावशी?"

"खळ्याचे. मी पैसे घेतले नाय, म्हणून तू घेतलेस. किती मिळाले?"

"मी विकलं नाही, मावशी."

"तू बाजारातला माणूस. विकायचा नव्हता तं मागितलास कशाला?"

माझं तोंड कुणी भावात बंद करू शकत नाही असं भांडुपमध्ये म्हणतात. त्या पलंगापाशी मी फळांच्या पिशवीची गाठ सोडत-बांधत बसलो. मुलगी आली, तिने फळांकडे पाहिलं आणि पिशवी माझ्या हातात परत दिली.

म्हातारी परत चालली नाही. नवं भात यायच्या आधीच गेली. माती द्यायला गाव जमलं होतं. अंत्ययात्रा घरातून निघून खळ्यावरून क्रुसाकडे गेली, आणि मी विहिरीच्या अलीकडे, बूट काढून, उभा राहिलो. आत कुणी बोलावलं नाही. माझा बाप जिथे उभा राहायचा तिथे मी उभा होतो, फरक एवढाच की त्याला अडवणाऱ्यांनी अडवलं होतं आणि मला जिने आत घेतलं होतं तिच्याच मनातून मी उतरलो होतो.

सगळं आटोपल्यावर मुलगी माझ्याकडे आली. रागावलेली नव्हती, थकलेली होती.

"एक विचारू? तुम्हाला वाट खुली करायची होती तर आईला स्वतः येऊन सांगायचं. मित्राला कशाला पाठवलंत?"

"कुणाला पाठवलं?"

"ते आले होते ना, दिवाळीच्या आधी, खूप जणांना घेऊन. आईने अडवलं, म्हणाली, तो कुठे आहे? तर ते म्हणाले, त्यानेच पाठवलंय, आता सगळ्यांना मोकळं केलंय. तुमचं नाव सांगितल्यावर आईने सोडलं."

मी तिला सांगितलं की मी पाठवलं नव्हतं. ती ऐकून घेत होती, पण तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आता त्याने काही फरक पडत नाही. "जाऊ दे," ती म्हणाली. "ती गेली ना."

आता खळ्याभोवती पत्रे आहेत आणि फाटकाला कुलूप. ॲपवर अजून लोक तक्रार करतात की वाट बंद आहे, स्थानिक लोक सहकार्य करत नाहीत. माझी बायको म्हणते, त्याला तिथे नेलं कुणी, तूच ना? मी हे मानत नाही. मित्राला घरी नेणं हा गुन्हा नाही. घरातल्याला खोटं सांगून आत शिरणं हा गुन्हा आहे. दुकानातली लोंबी मी काढलेली नाही. नवी येणार नाही. दाणे गळून गल्ल्यावर पडतात, ते मी वेचून ठेवतो, कशासाठी ते माहीत नाही.

आणि मित्रा, तू माझा फोन उचलत नाहीस. मध्यंतरी ठाण्याला सायकलवाल्यांच्या मेळाव्यात तू भाषण दिलंस, मुंबईजवळच्या अनवट वाटा कशा शोधाव्या यावर. मी मागच्या रांगेत होतो. पडद्यावर तू त्या क्रुसाचा फोटो दाखवलास, मागे विहीर, मधे नुकतं सारवलेलं खळं, आणि टाळ्या पडल्या. मी उठून विचारायला गेलो तर तू म्हणालास, इथे नको यार, नंतर बोलू.

नंतर झालं आहे. हे मी लिहितोय ते तू वाचशील याची मला खात्री आहे, कारण कोण तुझ्याबद्दल काय लिहितं ते तू नेहमीच बघतोस. मला माफी नको. माझं जे तुटलं त्याचा भाव मी करणार नाही. मरोळला जा. तिच्या मुलीच्या दारात बूट काढ आणि तिच्यासमोर उभा राहून सांग, माझं नाव घेऊन तिच्या आईला तू काय सांगितलंस, आणि मी तुला खरंच पाठवलं होतं का. तिला सांग. मग मला सांग. कधी जातोस?